लाकडी नाव हातानं बनवायला शिकायचंय, सुरुवात कुठनं करू?

पॅटर्नवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. विषय जरा येडपट वाटंल पण मला लाकडी नाव बनवायला शिकायचंय. शोकेसमधलं मॉडेल नव्हे, खरी नदीत चालणारी, चार-पाच माणसं बसतील अशी आणि सगळी हातानं.

माझं सांगायचं तर शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉपला १४ वर्षं झाली. फौंड्रीला लागणारे लाकडी पॅटर्न (म्हणजे ज्याच्यावरनं धातू ओतायचा साचा उठवतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स करतो, म्हणजे करायचो, आता निम्मं काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनवर गेलं आणि आमच्या वाट्याला रिपेअरिंग आणि "उद्या सकाळी पाहिजे" असली अर्जंट कामं तेवढी राहिली. त्यामुळं रंधा-पटाशी हातात बसलीया, अर्ध्या सुताचं माप चुकत नाही. पण नावेतलं काही म्हणजे काही कळत नाही.

गाव आमचं प्रयाग चिखलीच्या बाजूला, चार नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते तिथंच. पाचवी सरस्वती गुप्त म्हणतात, ती मला तरी कधी दिसली नाही, पुरात सगळ्याच दिसतात. पूर्वी पावसाळ्यात पलीकडच्या रानात जायला गावची नाव होती असं आज्जा सांगायचा. मी लहान असताना ती देवळामागं पालथी पडलेली होती, आम्ही तिच्यावर घसरगुंडी खेळायचो आणि चड्डीला डांबर लागलं म्हणून घरी मार खायचो. २००५ च्या पुरात तीच नाव ओढून बाहेर काढली आणि दोन-चार घरातली म्हातारी माणसं तिच्यातनं हलवली. २०१९ ला नाव नव्हती. आम्ही माडीवर दीड दिवस बसून होतो, रबरी बोट आली तेव्हा कुठं निघालो. तवापासनं डोक्यात हा किडा हाय.

यूट्यूबवर बघितलं, केरळचं हाय, बांगलादेशचं हाय, बाहेरच्या लोकांचं प्लायवूड आणि इपॉक्सीचं तर पोत्यानं हाय, पण आपल्या पंचगंगा-कृष्णेची नाव कशी करत होते ते कुठं सापडत नाही. लाकूड कुठलं घ्यायचं, ड्रॉइंग मिळतंय का, पाणी आत येऊ नये म्हणून फटीत काय भरतात, आणि मुख्य म्हणजे शिकवणारं कोण शिल्लक हाय का? कुणाला माहीत असेल तर सांगा की.

रंकाळा_रिटर्न्स

नाद खुळा भावा. पण सागवानाचा घनफुटाचा रेट विचारलास का टिंबर मार्केटात? नाव होईपर्यंत बायको माहेरी जाईल. गप फायबरची घे, पंधरा वर्षं बघायला नको.

मालवणचो_झील

कोल्हापूरवाल्यांनी घाट उतरून खाली यावं. फोंड्यानं या नाहीतर गगनबावड्यानं, देवगड, मालवण, विजयदुर्ग पट्ट्यात अजून लाकडी होडी बांधणारे मेस्त्री मिळतील, कमी झालेत पण आहेत. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावात वाघोटनच्या खाडीला मराठा आरमाराची जुनी गोदी आहे, ती एकदा बघून घ्या म्हणजे आपल्याकडं हे काम कुठल्या दर्जाचं चालायचं ते समजेल.

आमच्याकडची पद्धत सांगतो. आधी पठाण टाकतात, म्हणजे होडीचा कणा. त्याला पुढं नाळ उभी करायची, मग वांक, म्हणजे बरगड्या, आणि त्यावर फळ्या. फटीत काथ्या नाहीतर कापूस ठोकतात, वरून चंद्रूस, म्हणजे राळ, आणि तेलाचं लुकण, म्हणजे लेप. उंडीचं तेल लाकडाला पाजतात, बाहेरून तळाला काजूच्या टरफलाचं तेल, त्याला किडा लागत नाही. ते तेल हाताला लागू देऊ नका, कातडी सोलवटून निघते, मी अनुभव घेतलाय.

ड्रॉइंग विचारू नका. आमच्या आजोबांच्या मेस्त्रीकडं एक बांबूची काठी होती खुणा केलेली, तेच ड्रॉइंग.

कृष्णाकाठ_वाडी

पोरा, मी सुतार. नरसोबाच्या वाडीच्या अंगाला, औरवाड-कुरुंदवाड भागात आमचा बाप आणि चुलते नावा करायचे. मी स्वतः दोन नव्या केल्या, डागडुजी किती केली ती मोजली न्हाई. आता डोळ्याला दिसत न्हाई नीट, मी बोलतोय आणि नातू टाइप करतोय, तवा शुद्धलेखन चुकलं तर त्याला बोला.

मालवणच्या पाहुण्यांनी सांगितलं ते सगळं खरं हाय पण ती समुद्राची होडी. तिला लाट कापायची असती म्हणून खाली कणा लागतो. आपल्या नदीला लाट कुठली? आपल्याकडं पाणी उथळ, गाळ, आणि काठ उताराचा. म्हणून आपल्या नावेचा तळ सपाट आणि दोन्ही टोकं वर उचललेली. नाव आणून काठाला घातली की टोक सरळ मातीवर चढतंय, बाई डोक्यावर भारा घेऊन आत येती, शेरडं उडी मारून येत्यात, सायकल येती. कणा असता तर नाव काठाला लागली की कलंडली असती. आमच्याकडं नाव चालवणाऱ्याला अंबी म्हणायचे, तो मागं उभा राहून बांबूनं रेटायचा, खोल पाण्यात वल्हं. उभं राहायचं म्हणजे तळ रुंदच पायजे.

आता तुझं. पहिलं काम म्हणजे नवीन लाकूड आणू नको. एक फळीसुद्धा आणू नको. जुनी नाव शोध, कुजलेली असली तरी चालती, कुठं देवळामागं, कुणाच्या गोठ्यात वैरण टाकायला वापरत असतील. ती घे आणि एक-एक फळी सोडव. खिळा उपटू नको, आतल्या अंगाला त्याचं टोक वळवून परत लाकडात ठोकलेलं असतं, ते आधी पटाशीनं उचकून सरळ कर आणि मग मागनं ठोकून काढ. कुठला खिळा कुठनं गेलाय, किती अंतरावर हाय, कुठली फळी आधी बसली आणि कुठली नंतर, ते चुन्यानं आकडे टाकून लिहून ठेव. आठ दिवस जातील पण माझ्याकडं सहा महिने येऊन जेवढं शिकशील तेवढं त्यातनं कळंल.

लाकूड. तळाला सागवान, सव्वा इंच. बाजूला इंचभर पुरं. आंब्याच्या पण नावा केल्यात आम्ही, गरिबाला तेवढंच परवडायचं, पण आंबा पाणी पितो, जड होतो आणि लवकर जातो. वाक मात्र बाभळीचे. आणि वाक सरळ लाकडातनं गोल कापून काढू नको, शाळेत शिकल्यालं पोरगं तेच करतंय. सरळ लाकडाची रेघ सरळ जाती, वाक वळला की रेघ मधीच तुटती आणि पयल्या दणक्याला तिथंच फाटतो. बाभळीची फांदी खोडाला जिथं फुटती तिथला कोपरा बघायचा, त्याची रेघ आपोआप वळल्याली असती. आम्ही रानातनं जाताना बाभळी बघतच जायचो, ही पुढच्या वाकाला चालंल, ही मधल्या. मालकाला आधीच सांगून ठेवायचं. साग, आंबा, फणस असली झाडं आपल्या रानातली असली तरी पाडायला सरकारी परवानगी लागती, ती काढ, उगं भानगड नको.

बाभळीला साधा खिळा मारलास तर चार वरसात लाकूड काळं पडून खिळा झिजल्याला बघशील. बाभळीच्या सालीत तुरटपणा असतो, चपलीचं कातडं कमवायला तीच साल वापरत्यात नव्हं का, तोच तुरटपणा लोखंड खातो. खिळा गॅल्वनाइजचा घे आणि तेलात बुडवून मार. आधी गिरमिटानं भोक, खिळ्यापेक्षा बारीक.

करायला घेशील तवा आधी तळ. दोन आडव्या ओंडक्यांवर फळ्या मांडायच्या, मधोमध दोरी ताणायची, मधी धोंडे ठेवायचे आणि दोन्ही टोकांखाली हळूहळू पाचरी सारत जायचं, एक दिवसात न्हाई, तीन-चार दिवसात. टोकं उचलली की मग वाक, मग बाजू. फळीला फळी जुळवायची तर रंधा मारत बसू नको, दोन फळ्या शिकंज्यात शेजारी धरायच्या आणि मधल्या फटीतनं बारीक दाताची करवत फिरवायची. उंच असंल ते दोन्हीकडचं सारखंच कापलं जातंय. दोनदा-तीनदा फिरवली की पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सगळीकडं सारखी येती. तेवढी ठेवायची.

नातू म्हणतोय बास, जेवायला बोलावलंय.

पॅटर्नवाला_शिरोली

आज्जा, हात जोडून नमस्कार. रात्री दोनदा वाचलं, बायकोला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली बाभळीचं ते खरंय, तिच्या वडलांकडं नांगर बाभळीचाच होता.

एकच गोष्ट डोक्यात बसंना. फट ठेवायची? आमच्या धंद्यात दोन लाकडं जोडली आणि त्यातनं उजेड दिसला तर सुपरवायझर पॅटर्न फेकून मारतो. मी तर म्हणत होतो की असा जोड करतो की त्यात केस शिरणार नाही, मग भरायला काय लागायचंच नाही.

कृष्णाकाठ_वाडी

तिथंच तर घसरशील. तू पॅटर्न मोठा करतोस का न्हाई मापापेक्षा?

पॅटर्नवाला_शिरोली

करतो की. बीडाला शेकडा १, स्टीलला २ च्या आसपास. ओतल्यावर धातू निवताना आकसतो म्हणून. त्याची मापपट्टीच वेगळी असते आमच्याकडं, कॉन्ट्रॅक्शन स्केल.

कृष्णाकाठ_वाडी

मग झालं तर. तुझा धातू आकसणार म्हणून तू आधीच वाढवतोस. माझं लाकूड फुगणार म्हणून मी आधीच जागा सोडतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत न्हाई, पण रुंदीत फुगतं. नऊ इंची फळी कोरडी ठणठणीत असताना घट्ट बसवलीस आणि पाण्यात सोडलीस तर प्रत्येक फळी शेजारच्या फळीला रेटणार, आणि रेटायला जागा नसली की मग एकतर फळी वर उचलणार, न्हाईतर वाकाचे खिळे उपसणार. आमच्या चुलत्यानं एकदा असली नाव केली होती, लई देखणी, फटीत सुई जाणार न्हाई अशी. आठ दिवसात तळ पापडासारखा फुगून वर आला. ती नाव पुढं बरीच वरसं गोठ्यात गव्हाण म्हणून होती.

फटीची बाहेरची कड पटाशीनं जरा उघडायची, आतली कड मिटल्यागत. त्यात कापसाची वात, राळ आणि तेलात भिजवून, लाकडी हातोडीनं आणि बोथट पटाशीनं बसवायची. घट्ट, पण जीव खाऊन ठोकायची न्हाई. नवीन माणूस हितंच लई ताकद लावतो, त्याला वाटतं घट्ट म्हणजे चांगलं. वर लुकण. मग नाव काठाला न्यायची, आत धोंडे भरायचे आणि कमरंएवढ्या पाण्यात बुडवायची. पुरती. तीन दिवस. लोक हसतील, हसू दे. पाणी पिऊन लाकूड फुगतं, वातीला दाबून धरतं, आणि मग फट मिटती. उन्हाळ्यात नाव बाहेर काढून पालथी ठेवली तर पुढच्या साली परत बुडवायची. तुमच्या गावची नाव देवळामागं वाळत पडली आणि तशीच उन्हात राहिली, तिथंच ती मेली असणार.

रंकाळा_रिटर्न्स

मी आपला सहज म्हणालो फायबर घे आणि इथं पीएचडी चालू झाली. आज्जा, जुन्या नावेवरच फायबरचा कोट मारला तर? लाकूड पण आणि लिकेज पण नाही.

मालवणचो_झील

नको. आमच्याकडं बऱ्याच जणांनी करून बघितलं. फायबर बाहेरून, पण आतून पावसाचं पाणी, घामाचं पाणी, मासळीचं पाणी लाकडात जातंच. लाकूड आत फुगतं-आकसतं, फायबर हलत नाही, मग दोघांत पोकळी होते आणि त्यात पाणी साचून लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून चकाचक, एक दिवस पाय ठेवला की पाय आरपार. फायबर करायची तर पूर्ण फायबरची करा आणि लाकडाची करायची तर लाकडाची.

आणि आज्जांनू, नदीच्या होडीबद्दल माझं अर्धवट होतं, मान्य. सपाट तळाचं पटलं.

गुळव्याचा_पोरगा

पाहुणं, बाजूची फळी वाकवायचं कुणी बोललंच नाही. इंचाची सागवानी फळी नाकाकडं वळवायला गेलास की टाकदिशी मोडंल.

आमचं गुऱ्हाळ हाय. आमच्या थोरल्या काकानं शेतातल्या तळ्यासाठी छोटी होडी केली होती (नाव म्हणवत नाही, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं श्वास घ्यायचा नाही). तवा आम्ही फळी अशी वाकवली. हंगाम संपता संपता, चुलवण गरम असतंच, काहिलीत रसाऐवजी पाणी घातलं आणि खळाखळा उकळलं. फळीला गोणपाट गुंडाळून त्या पाण्याच्या वाफेवर आडवी ठेवली, वरनं अजून एक काहील पालथी, आणि मगानं उकळतं पाणी गोणपाटावर सोडत राहायचं. हिशेब असा की फळी जेवढे इंच जाड तेवढे तास, इंचाला तासभर. मग चार जणांनी हातात पोती घेऊन पळत जाऊन साच्यावर चढवायची आणि दोर टाकून पाचरी मारायच्या. तुझ्याकडं दीड-दोन मिनिटं असतात, त्याच्या पुढं फळी ऐकत नाही. आमची पहिली फळी मोडली कारण काका साच्यापाशी उभा राहून फोनवर बोलत होता. आणि पाहिजे त्यापेक्षा जरा जास्तच वाकव, सोडली की ती थोडी परत येते.

वास मात्र काय येत होता म्हणून सांगू, सागवान आणि काकवी एकत्र.

जाता जाता, काहिलीतनं आठवलं. पुरात आमच्या गल्लीत काहीलच नाव म्हणून वापरली. तरंगती एक नंबर, पण गोल असल्यामुळं वल्हं एका बाजूनं मारलं की जाग्यावर भिंगरी. आमची आज्जी त्यात बसून तीन गिरक्या घेऊन शाळेत पोचली, उतरल्यावर पहिलं वाक्य "मला परत नेऊ नगा".

हिशेबी_माणूस

सगळं वाचलं, छान चाललंय, पण वजनाचं बोलू. पुरासाठी म्हणून नाव करताय असं सुरुवातीलाच लिहिलंय आणि तिथंच मला भीती वाटते. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. माणसं घाबरलेली असतात, नाव दिसली की सगळे चढतात.

साधा हिशेब आहे. एक घनफूट पाणी म्हणजे साधारण २८ किलो. तुमची नाव समजा १६ फूट लांब, तळाला मधे ३ फूट रुंद. टोकं निमुळती आणि उचललेली, म्हणून पाण्याला टेकणारा तळ धरू ३२ चौरस फूट. ही नाव एक इंच खाली जायला ३२ भागिले १२, म्हणजे पावणेतीनच्या आत घनफूट पाणी बाजूला सारते, म्हणजे ७५ किलो. थोडक्यात एका माणसामागं एक इंच. आता रिकाम्या नावेचं वजन. फळ्या, वाक, सगळं मिळून ११ घनफूट लाकूड बसेल, ओल्या सागवानाचे २० किलोनं धरले तरी २२० किलो, म्हणजे रिकामीच तीन इंच बुडणार. बाजू तळापासून १८ इंच उंच असेल तर सहा माणसं बसल्यावर नऊ इंच पाण्यात आणि नऊ इंच वर. स्थिर पाण्यात ठीक. पण दहा बसली तर पाचच इंच वर, आणि एक जण घाबरून एका कडेला सरकला की तेवढी कड पाण्याखाली जायला वेळ लागत नाही.

तेव्हा नाव झाली की आतल्या बाजूला रंगाची एक पट्टी मारा, बाहेरून पण मारा, पाणी त्या पट्टीला लागलं की पुढचा माणूस चढवायचा नाही, मग तो सरपंच असला तरी.

दुसरं, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका पातळी असते हे तुम्हाला सांगायला नको. त्या पाण्यात वल्ह्याच्या नावेचं काम नाही. शिवारात साचलेल्या, थांबलेल्या पाण्यात ती चालेल, मुख्य धारेत नाही. आणि नदीत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे किती आहेत ते आठवा, उन्हाळ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असतात म्हणून वाट बंद आणि पुरात बंधारा पाण्याखाली जातो, वरून दिसत नाही पण खाली ओढ जबरदस्त. इंजिन लावायचा विचार असेल तर तपासणी आणि नोंदणी लागते, अंतर्देशीय जलवाहनांचा २०२१ चा कायदा आहे.

नाउमेद करायचं नव्हतं. करा नाव.

पॅटर्नवाला_शिरोली

साहेब, नाउमेद नाही झालो, उलट पट्टीचं डोक्यात फिट बसलं. घरी ठरलंय की पुरात ही नाव फक्त शिवारात आणि तेही अंगात जॅकेट घालून. माझ्या डोक्यात खरं तर पूर निम्माच होता, निम्मं म्हणजे नुसतं नाव करायची होती. हे बायकोला आधीच माहीत होतं म्हणे.

पॅटर्नवाला_शिरोली

मंडळी, अपडेट द्यायला लई उशीर झाला, माफ करा. मधी धंद्याची गडबड आणि लग्नसराई.

तर नाव मिळाली! शिरोळ तालुक्यात एका गावात, कुणाचं नाव लिहीत नाही, गोठ्याच्या मागं उसाच्या पाल्याखाली पालथी पडलेली. मालक म्हणाले घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल, फक्त एक वल्हं आठवण म्हणून राहू दे. ट्रॅक्टरनं आणली. १५ फूट ४ इंच, तळाला ३ फुटाला एक सूत कमी. सोडवायला आठ दिवस म्हणाला होता आज्जा, मला रविवार-रविवार करून दोन महिने लागले.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुढून तिसरा वाक काढला, बाभळीचा, अजून दगडासारखा. त्याच्या खालच्या अंगाला, जिथं तळाच्या फळीला टेकतो तिथं, कुणीतरी पटाशीनं तीन आडव्या रेघा मारल्यात. पलीकडच्याला चार, त्याच्या पुढच्याला पाच. म्हणजे वाकांचे नंबर. आम्ही पॅटर्नच्या लूज पीसला पण असंच खाचा मारून नंबर टाकतो, कुठला तुकडा कुठं बसतो ते चुकू नये म्हणून. मी तिथंच खाली बसलो जरा वेळ. ज्यानं मारल्या त्याचं नाव-गाव कुणाला सांगता येत नाही, पण चौथी रेघ मारताना त्याची पटाशी निसटलीया, तेवढं दिसतंय.

तळाच्या दोन फळ्या कुजलेल्या, त्या नव्या सागवानाच्या टाकल्या. करवत फटीतनं फिरवली आज्जा, तुम्ही सांगितल्यासारखी, पहिल्यांदा भीती वाटली, मग मजा आली. बाकी फळ्या जुन्याच, खिळे सगळे नवीन. मागचा एक वाक फाटलेला, तो तात्पुरता दोन्ही बाजूनी पट्ट्या मारून धरलाय. वाती भरताना हात इतका आखडला की दुसऱ्या दिवशी कामावर चहाचा कप धरवंना. ठोकताना बायको शेजारी बसून "हळू" म्हणत होती, तुमचं सगळं तिनं पाठ केलंय.

मागच्या शुक्रवारी नदीला नेली आणि धोंडे भरून बुडवली. सगळं गाव बघायला. एक म्हातारा म्हणाला एवढी दोन महिने राबून केली आणि आता बुडवतोय व्हय. जलपर्णी बाजूला सारायलाच अर्धा तास गेला. सोमवारी काढली, पाणी उपसलं, आणि बघतो तर पुढच्या नव्या फळीच्या जोडातनं पाणी येतच होतं, बारीक, घामासारखं नव्हे, चांगलं बोटभर ओघळ. रात्री झोप नाही. मंगळवारी पहाटे टॉर्च घेऊन गेलो तर ओघळ थांबलेला, नुसती ओल. आज तर ती पण नाही, आत बोट फिरवलं तर कोरडं.

कृष्णाकाठ_वाडी

नवी फळी जुन्यापेक्षा कोरडी होती म्हणून तिला एक दिवस जास्त लागला. रेघांचं वाचून घरातल्या सगळ्यांना ऐकवलं. आमच्यात पण तशाच मारायचे, पण पाचाच्या पुढं फुली. तुझ्यात पाचाच्या पुढं काय हाय बघ.

पॅटर्नवाला_शिरोली

फुलीच हाय आज्जा. आत्ता जाऊन बघून आलो.

गुळव्याचा_पोरगा

अंगावर काटा आला राव.

पॅटर्नवाला_शिरोली

माझ्या पण. आज्जा, पुढच्या रविवारी तुमच्याकडं येऊ का, वाक घेऊन येतो हातात, डोळ्यांना नाही दिसलं तरी बोटांना कळंल. आणि तो मागचा फाटलेला वाक बदलायचाच हाय. वडणग्याच्या वाटेला उजव्या हाताला एक बाभळ बघून ठेवलीया, जमिनीपासनं पुरुषभर उंचीवर फांदी बरोबर पाहिजे तशी वळलीया. रान कुणाचं हाय माहीत नाही, त्या बाजूचं कुणी इथं असेल तर कळवा.